अर्धी जोडी कोण चोरतो?

ते प्रकरण आजही डोळ्यांसमोर येते, आणि दर वेळी आधी दिसतो तो फ्रीजर. वर मटाराच्या पिशव्या आणि खाली प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली, तीनशे वर्षांपूर्वीची जर्मन पुस्तके. नोकरीत मी लोकांच्या फ्रीजरमधून बऱ्याच वस्तू बाहेर काढल्या आहेत. पुस्तके मात्र तेवढी एकदाच पाहिली.

मी उत्तर प्रदेश पोलिसांत इन्स्पेक्टर होते. आमचे घराणे मूळचे गुरसरायचे, तिथल्या मराठी जहागिरीबरोबर आलेले, आजोबांपासून झाशीत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भांडणात बुंदेली अशी आमची वाटणी आहे. गुडघे कुरकुरू लागले म्हणून मुदतीआधीच निवृत्ती घेतली. नावे कुणाचीच देणार नाही. यातली माणसे हयात आहेत आणि भाजीबाजारात मला भेटतात.

शहरातल्या एका थान्याचा कारभार तेव्हा नुकताच माझ्याकडे आला होता. नव्या थान्यावर गेले की मी आधी मालखाना, म्हणजे जप्त मालाची खोली, पाहायची, मग प्रलंबित तपासांची यादी, आणि मग बाहेरच्या बाकावर कोण बसले आहे ते. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कागदात काहीही लिहिलेले असो, बाकावरचा माणूस खरा असतो.

त्या दिवशी बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते. पांढरा कुर्ता, नखांच्या कडांना वाळलेला सरस. हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

"हे कोण?" मी मुंशीजींना विचारले. आमच्याकडे थान्याच्या लेखनिकाला मुंशी म्हणतात.

"किताब चोरी वाला है, मैडम. रोज़ बुलाते हैं, शाम को छोड़ देते हैं. बोलता ही नहीं."

"बोलता नहीं, या जो आप सुनना चाहते हैं वो नहीं बोलता?"

मुंशीजींनी थोडा विचार केला. "जी, दूसरा वाला."

मी फाईल मागवली. फिर्याद, म्हणजे आमच्याकडची तहरीर, एका निवृत्त इंजिनिअरची होती. वीजयंत्रे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात त्यांची नोकरी झालेली. जुनी जर्मन पुस्तके जमवण्याचा त्यांना छंद. पाणचक्क्या, पंप आणि भार उचलण्याची यंत्रे यांवरचा, न्यूरेंबर्गला छापलेला दोन भागांचा एक ग्रंथ त्यांच्याकडे होता. त्यातला पहिला भाग चोरीला गेला होता. सही वडिलांची असली तरी तहरीर बेंगळुरूहून आलेल्या मुलाने लिहिली होती, आणि संशय म्हणून एकच नाव दिले होते. दतिया गेटजवळ पुस्तकबांधणीचे दुकान असलेल्या, बाकावरच्या या चाचांचे. कारण सरळ होते. दुसरा भाग दुरुस्तीसाठी त्यांच्याकडेच दिलेला होता आणि तो न्यायला ते घरी येऊन गेले होते.

मी रुजू होण्याआधी शिपायांनी भर बाजाराच्या वेळी जीप दुकानासमोर उभी केली, दुसरा भाग जप्त केला, दुकान बंद करवले आणि चाचांना गाडीत बसवून आणले. अटक दाखवलेली नव्हती. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने त्यांना काहीच झालेले नव्हते. बाजाराच्या हिशेबाने मात्र सगळे होऊन गेले होते. चाचांचे पोट कचेरीच्या बांधणीवर चाले. वकिलांच्या फायली, जुन्या निकालांचे गठ्ठे.

"कचहरी वालों ने अपने बस्ते उठवा लिए," मुंशीजी म्हणाले. "कहते हैं, जो किताब चुराए वो कागज़ भी बेच सकता है."

कोर्टाचे कागद ज्याच्या हाती द्यायचे, त्याच्याकडे विकण्यासारखी एकच वस्तू असते, विश्वास. ती गेली की शिलाईचा सुबकपणा कुणी बघत नाही.

दुपारी सीओ साहेबांचा फोन आला. सीओ म्हणजे आमचे उपअधीक्षक. "अरे, वही होगा. दूसरा हिस्सा उसी के पास मिला है न? ज़रा ठीक से पूछिए, रिकवरी दिखाइए और फाइल बंद."

"सर, पहले घर देख आती हूँ."

"किताब का घर?"

"जी सर. किताब का घर."

इंजिनिअरसाहेबांची वसाहत शहराबाहेर होती. दारावर मराठी पाटी, कुंडीत कढीपत्ता. मी गणवेशात होते, त्यामुळे काकूंनी दार उघडून "आइए जी" म्हटले. मी "काकू, चपला कुठे काढू?" असे विचारताच त्यांनी आत हाक मारली, "अहो, आपल्यातल्याच आहेत हो! आता नीट सांगा एकदाचं!"

काका सत्तरीच्या पुढचे, सांगलीकडचे. तरुणपणी कारखान्याने त्यांना प्रशिक्षणासाठी जर्मनीला पाठवले होते. तिथे रविवारच्या बाजारात पंपांवरचे एक फाटके पुस्तक मिळाले. जुन्या टोकदार लिपीतले. ते वाचता यावे म्हणून लिपी शिकले आणि मग थांबलेच नाहीत. खाणी, धातूंची पारख, अर्क काढणे, जमीन मोजणे, मधमाश्या पाळणे. काही पुस्तके परदेशातून टपालाने मागवली, काही छावणीतल्या जुन्या बंगल्यांच्या लिलावात घेतली.

"पण जर्मनच का, काका?"

"अगं, आम्ही जन्मभर यंत्रं बनवली. त्या लोकांनी यंत्र सुटं करून असं काढलंय की गावच्या सुताराने चित्र पाहावं आणि चाक बनवावं. मला वाचताना कारखान्यात असल्यासारखं वाटतं."

"आणि मला गोदामात असल्यासारखं," काकू चहा ठेवताना म्हणाल्या. "वॉशिंग मशीन बाल्कनीत आहे. का, तर तिच्या जागी कपाट. फ्रीजर उघडून बघा. आमचं आइस्क्रीम शेजाऱ्यांकडे असतं."

फ्रीजरचा उलगडा काकांनी केला. जुन्या पुस्तकांना, विशेषतः लाकडी पाट्यांवर कातडे चढवलेल्या पुस्तकांना, किडा लागतो. तो कागद आणि लाकूड पोखरत जातो. औषध मारले तर कागद बिघडतो. म्हणून नवे आलेले पुस्तक काही आठवडे बर्फाच्या थंडीत ठेवायचे, किडा मरतो. गेलेल्या ग्रंथाचे दोन्ही भागही विकत घेतल्यावर असेच फ्रीजरमध्ये राहून आले होते.

कपाट मी नीट पाहिले. प्रत्येक पुस्तक लाल खारव्याच्या फडक्यात, पोथीसारखे बांधलेले. फडकी काकूंनी शिवलेली. चोराने पहिला भाग काढून त्याच जाडीची कारखान्यातली एक जुनी माहितीपुस्तिका त्या फडक्यात बांधून ठेवली होती. गाठोडे भरलेले दिसत होते, म्हणून चोरी कधी झाली हे कुणाला सांगता येईना. दिवाळीच्या आवराआवरीत काकांनी पुस्तक पाहिले होते, आणि संक्रांतीनंतर फडके सोडले तेव्हा आतून बॉयलरची देखभाल निघाली.

"पुस्तकावर तुमचं नाव आहे? शिक्का? सही?"

"छे! पुस्तकावर लिहायचं? ते माझ्याआधी दहा जणांचं होतं आणि माझ्यानंतर दहा जणांचं व्हायचंय. मी मधला."

विचार सुंदर होता, पण पोलिसांच्या दृष्टीने भयंकर. माल सापडला तरी तो याच घरातला हे सिद्ध कशाने करणार?

"त्या बांधणीवाल्यावर तुमचा संशय आहे?" मी विचारले.

काकांनी चष्मा पुसला. "मुलगा म्हणाला, दुसरं कोण असणार. मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगू? त्या माणसाला मी वीस वर्षं पुस्तकं देतोय."

दिवाळी ते संक्रांत घरात कोण कोण आले याची यादी मी तिथेच केली. मला यादीशिवाय विचार करता येत नाही. मुलगा आणि सून, गॅसवाला, रंगारी, बांधणीवाले चाचा, आणि काकांचे ग्वाल्हेरचे एक स्नेही. ते निवृत्त डॉक्टर होते आणि त्यांनाही हाच छंद. ते बऱ्याचदा येत, दोन्ही भाग मांडीवर घेऊन बसत आणि काकूंची थालीपिठे खात.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना बाकावरून उठवून माझ्या खोलीत खुर्ची दिली. चहा मागवला. माणसाला इतके दिवस बाकावर बसवले की त्याला खुर्चीची भीती वाटते. ते टोकावर बसले. चहाला हात लावला नाही.

"चाचा, मुझे बस इतना बताइए कि हुआ क्या था."

"बता तो दिया सबको. नहीं लिए हमने."

"मुझे नहीं बताया."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. "बिटिया, एक बात पूछें? मंदिर के बाहर से जूते चोरी होत हैं?"

"होते हैं."

"एक पाँव का?"

मी हातातले पेन खाली ठेवले.

"दूसरी जिल्द हमारे पास धरी थी. चोर होते तो दोनों दबा के बरुआसागर की बस में बैठ जाते. आधी जोड़ी कौन चुराता है? पागल हैं का हम?"

दारात उभे असलेले मुंशीजी हसले. मीही हसले आणि हसता हसता थांबले. इतक्या दिवसांत थान्यातल्या कुणीच हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

चाचांना घरी पाठवले आणि यादी पुढे घेतली. चोराने एकच भाग नेला, कारण कपाटात तेव्हा एकच होता. दुसरा दुरुस्तीला गेला आहे हे त्याला माहीत नव्हते. म्हणजे चाचा नव्हेत. कपाटात याहून देखणी, सोनेरी कडांची पुस्तके होती, त्यांना त्याने हात लावला नव्हता. म्हणजे भंगारात विकायला नेणारा भुरटाही नव्हे. त्याला हाच ग्रंथ हवा होता. फडके सोडून, बदली पुस्तक बांधून, गाठ पहिल्यासारखी मारण्याइतका वेळ त्याला त्या खोलीत एकट्याने मिळाला होता.

आणि असा माणूस आता अर्धी जोडी घेऊन बसला असणार. छंदी माणसाचे काय होत असेल हे मी माझ्यावरून ओळखले. वाण्याच्या यादीतली एक ओळ खोडायची राहिली तरी मला जेवण गोड लागत नाही. याच्या तर डोळ्यांसमोर रोज अर्धा ग्रंथ उभा होता.

मी पुन्हा वसाहतीत गेले. जुनी शास्त्रीय पुस्तके जमवणाऱ्यांचा मोबाईलवर एक गट होता, देशभरातले लोक त्यात होते. काकांनी तिथे लिहावे असे मी सुचवले, की पहिला भाग हरवला आहे, दुसरा एकटा ठेवण्यात मन लागत नाही, कुणाला हवा असल्यास द्यायचा आहे.

"मी खोटं लिहिणार नाही," काका म्हणाले.

"यात खोटं काय? पहिला नाही, दुसरा आहे."

"मन लागत नाही हे खोटं. माझं मन लागतंच."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "माझं लागत नाही! माझ्या वतीने लिहा!"

मग काकांनी लिहिले.

उत्तरे येऊ लागली. काका मला एकेक वाचून दाखवत होते. कोलकात्याच्या एकाने विचारले, चित्रांची पाने सगळी आहेत का. चेन्नईच्या बाईंनी उंची, रुंदी आणि कातड्याचा रंग विचारला. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी पाने ओलीने डागाळली आहेत का, शिवण मूळची आहे का, मागच्या पाटीचा फोटो मिळेल का, असे सहा-सात प्रश्न ओळीने टाकले. एकाने सल्ला दिला की सुटा भाग घरात ठेवू नये, मनाला लागून राहतो. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांचे उत्तर सर्वांत लहान होते. "मैं ले लूँगा. कल आ जाऊँ?"

"पाहिलंस?" काका म्हणाले. "किती सज्जन माणूस. एका शब्दाने घासाघीस नाही."

"काका, घासाघीस सोडा. यांनी काहीच कसं विचारलं नाही?"

"त्यांना काय विचारायचंय, त्यांनी तर..." काका थांबले. चष्मा काढून हातात घेतला. "त्यांनी दोन्ही भाग पाहिलेत. पण तो कुठल्या अवस्थेत परत आलाय, दुरुस्ती कशी झालीय, हे मीसुद्धा विचारलं असतं. आणि पहिला कसा हरवला, हे तर शेजारच्यांनीही विचारलं."

आपण वांगेदेखील उलटसुलट करून घेतो. ज्याला वस्तू मिळण्याचीच घाई आहे तो प्रश्न विचारत नाही. आणि हरवलेल्या वस्तूबद्दल सगळ्यात कमी चौकशी कोण करतो, हे कोणत्याही थान्यातला जुना शिपाई सांगेल.

काकांना मात्र ते पटवून घ्यायला वेळ लागला. "अगं, आमच्या घरी जेवतात ते," एवढेच म्हणाले.

जप्त केलेला दुसरा भाग कोर्टाच्या परवानगीने काकांच्या ताब्यात दिला, तसा सुपुर्दनामा केला. काकांनी डॉक्टरांना कळवले की पुस्तक दतिया गेटला बांधणीवाल्याकडे आहे, तिथेच या. चाचांचे दुकान त्या सकाळी उघडले. मी साध्या साडीत, मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन, गिऱ्हाईक म्हणून स्टुलावर बसले. चाचांना या नाटकाचा भारी उत्साह. मला दोनदा म्हणाले, "बहनजी, टाइम लगेगा, लाइन से आइए," आणि लाइनीत मी एकटीच होते.

डॉक्टर वेळेवर आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, बोलणे मऊ. चाचांनी लाल फडके त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते सोडले, पुस्तकाचा कणा पाहिला, तळहातावर वजन घेतले आणि पुन्हा गुंडाळले. एकही पान उघडले नाही. आपल्याकडच्या भागाला जोड शोधणारा माणूस पान उघडून ताडून पाहतो. त्यांना फक्त तोच भाग आहे एवढी खात्री हवी होती.

मी उठून ओळखपत्र दाखवले.

ते घाबरले नाहीत. "आधी किताब खरीदना जुर्म है क्या, मैडम?"

"नहीं जी. पर आधी का करेंगे क्या?"

"शौक है."

"पहली जिल्द है आपके पास?"

इथे नाही म्हणणे सोपे होते. पण छंदी माणसाला आपल्याकडे असलेली वस्तू नाही म्हणणे फार जड जाते. शिवाय त्यांची तयारी होती. "है. बरसों पहले कलकत्ते में ली थी."

"देख सकते हैं?"

"शौक से देखिए. छपी हुई किताब है मैडम, नोट नहीं कि नंबर पड़ा हो. हज़ार निकली होंगी."

ग्वाल्हेर मध्य प्रदेशात, म्हणजे दुसरे राज्य. तिथल्या थान्याला रीतसर कळवले, त्यांचा एक दरोगा, म्हणजे उपनिरीक्षक, सोबत घेतला, शेजारचे दोन पंच बोलावले. काकाही आमच्याबरोबर आले. वाटेत ते एकदाच बोलले, "माझी चूक असली तर त्या माणसाला मी तोंड कसं दाखवू?"

डॉक्टरांच्या घरी काचेचे कपाट होते, आमच्या मालखान्याला लाजवील असे नीटनेटके. मधल्या फळीवर पहिला भाग उभा होता. त्याच्या शेजारी एका पुस्तकाची जागा मोकळी होती आणि पुढची पुस्तके कलू नयेत म्हणून तिथे लाकडाचा ठोकळा ठेवलेला होता. दुसऱ्या भागासाठी जागा राखून ठेवलेली.

काकांनी पहिला भाग हातात घेतला. "हाच," ते मराठीत हळूच म्हणाले.

"भाईसाहब, ऐसी और भी हैं," डॉक्टर तितक्याच हळू आवाजात म्हणाले. "आपका नाम लिखा हो तो ले जाइए."

नाव नव्हते, शिक्काही नव्हता. दरोगा माझ्याकडे पाहू लागला, पंच घड्याळाकडे. रिकाम्या हाताने परतले असते तर सीओ साहेबांचा फोन ठरलेला होता, आणि चाचा पुन्हा बाकावर.

कपाटातल्या त्या दोन जागांकडे पाहताना मला काकूंचा फ्रीजर आठवला.

"काका, किडा कोणत्या भागाला लागला होता?"

"दोन्हींना. घेतले तेव्हाच होता."

"हे दोन भाग किती काळ शेजारी उभे असतील?"

"छापल्यापासून. तीनशे वर्षं तरी."

"मग किड्याला पुस्तक संपलं हे कसं कळणार?"

काकांनी हातातल्या भागाच्या पाटीवरून बोट फिरवले. मग त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "अरे देवा. दुसऱ्याच्या मागच्या पाटीची भोकं बुजवायला मीच दिली होती. भुसा आणि सरस घालून. तेवढ्यासाठीच तर दुरुस्तीला दिला!"

दुसरा भाग आम्ही सोबत आणला होता. त्याच्या लाल फडक्याची गाठ मी सोडली. ती गाठ मला त्या वेळी फार घट्ट वाटली. मागची पाटी वर केली. कातड्यावर टाचणीच्या डोक्याएवढी तीन भोके होती, तिन्ही उघडी.

डॉक्टरांच्याच घरचा झाडू मागवला. त्यातल्या बारीक काड्या काढल्या. दोन्ही भाग फळीवर उभे राहत तसे एकमेकांना टेकवून पंचांसमोर धरले. पहिल्याची पुढची पाटी किंचित उघडून आतल्या बाजूने एक काडी घातली. ती पाटी पार करून बाहेर आली आणि दुसऱ्या भागाच्या पाटीत शिरली. दुसरी काडी, तीही शिरली. तिसरे भोक तिरपे होते. काडी तिरपी धरली, तीही गेली. दोन पुस्तके तीन काड्यांनी एकमेकांना टाचल्यासारखी उभी राहिली. दुसऱ्या कुठल्याही प्रतीच्या किड्याने नेमकी त्याच तीन ठिकाणी, त्याच तिरकसपणाने वाट काढली असती तर गोष्ट वेगळी.

"लो," ग्वाल्हेरचा दरोगा म्हणाला, "कीड़े ने गवाही दे दी!"

डॉक्टर खुर्चीवर बसले. वाद घातला नाही. काकांकडे न पाहता म्हणाले, "दोनों लेने का सोचा था. अलमारी खोली तो एक ही थी. फिर रोज़ वो ख़ाली जगह दिखती थी, भाईसाहब. ऐसी हालत थी कि एक दिन सोचा, वापस ही रख आऊँ."

"रख आते," काका म्हणाले. "मैं कुछ न पूछता."

चोरीचा दिवस साधा होता. काका बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होते आणि काकू चुलीशी. मी नंतर काकूंना हे सांगितले तेव्हा त्यांना पुस्तकाचा राग आलाच नाही. "म्हणजे मी त्याच्यासाठी लोणी काढत होते, तेव्हा?" त्या म्हणाल्या. "ताजं लोणी!"

फोटो, पंचनामा, जबाब, सगळे झाले. थान्यावर परतल्यावर चाचांना बोलावून सांगितले. भोके का बुजवली नव्हती तेही विचारले.

"सरस चढ़ाया ही था चूल्हे पे, कि आपकी जीप आ गई," ते म्हणाले. "अपनी जीप को इनाम दीजिए."

"अब घर जाइए, चाचा. आपका नाम कट गया."

"कहाँ से?"

"कागज़ से."

ते उठले नाहीत. "कागज़ बाज़ार ने कब पढ़ा, बिटिया? ले जाते सबने देखा था. पैदल लौटेंगे तो कहेंगे, छूट के आया है. छूट के आना और बात है."

"तो?"

"जैसे ले गए थे, वैसे छोड़ के आइए."

मुंशीजी खाकरले. "मैडम, गाड़ी से छोड़ने का कोई नियम नहीं है."

"मना करने का है?"

मुंशीजींनी वर पाहिले, मनातल्या मनात सगळी नियमावली चाळली. "नहीं है."

"तो लिखिए." थान्याची गाडी कुठे आणि कशासाठी गेली याची रोज नोंद होते. मुंशीजींनी माझ्याकडे पाहत पाहत लिहिले: एका इसमास सन्मानाने त्याच्या दुकानी पोहोचवणे.

संध्याकाळची गर्दी सुरू होण्याची वेळ मी मुद्दाम धरली. मी गणवेशात पुढे, मागे चाचा आणि त्यांच्या शेजारी इंजिनिअरकाका. दतिया गेटपाशी जीप थांबली तेव्हा मसाल्याच्या, बांगड्यांच्या, भांड्यांच्या दुकानांतून माना वर झाल्या. मी उतरून मागचे दार स्वतः उघडले. चाचा सावकाश उतरले, कुर्ता झटकला आणि इकडेतिकडे न पाहता दुकानाचे कुलूप काढू लागले. काका त्यांच्या फळीवर पाय सोडून बसले. समोरच्या भांडीवाल्याने विचारले, "क्या चाचा, सब ठीक?"

"हओ," चाचा म्हणाले. "चाय भिजवा. तीन. नहीं, चार, ड्राइवर भैया को भी."

काका तिथे अंधार पडेपर्यंत बसले. येणाऱ्याजाणाऱ्या ओळखीच्यांना स्वतःहून सांगत होते, "मेरे दोस्त हैं. बीस साल से." मुलालाही त्यांनी तिथूनच फोन लावून चाचांच्या हातात दिला. पलीकडून काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. चाचा शेवटी एवढेच म्हणाले, "कोई बात नहीं बेटा, अम्मा-बाबूजी से मिलने आते रहा करो."

या प्रकरणाने मला काय शिकवले ते सांगते. आमच्या खात्यात चोरीचा माल परत करण्याची पद्धत ठरलेली आहे. अर्ज, ओळख, कोर्टाचा हुकूम, पोच. माणसाचे नाव परत करण्याची पद्धत कुठेच लिहिलेली नाही. संशयावरून उचलताना आम्ही गणवेशात, गाडी घेऊन, चारचौघांत जातो. संशय फिटला की तोंडी सांगतो, जा. त्यानंतर माझ्या प्रत्येक तपासाच्या कामांच्या यादीत मी शेवटी एक ओळ घालत गेले, ज्यांना उगाच बोलावले त्यांना पोहोचवून येणे. प्रत्येक वेळी गाडी मिळाली असे नाही. कधी मी चालत गेले, कधी नुसता त्यांच्या ओट्यावर चहा घेतला. काम कमी वेळाचे असते. फक्त ते यादीत असावे लागते, नाहीतर होत नाही.

निवृत्तीनंतर घरातल्या जुन्या फोटोंचे अल्बम निखळू लागले म्हणून ते घेऊन मी दतिया गेटला गेले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लाल कापडात बांधलेले कचेरीचे बस्ते छतापर्यंत रचलेले. चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, अल्बम उलटसुलट केले, एक टाका बोटाने ओढून पाहिला.

"होली के बाद," ते म्हणाले.

"चाचा, मेरा काम भी होली के बाद?"

"बिटिया, कचहरी का काम पहले है. नंबर से होगा."

मी नंबर लावून घरी आले.